पिवळ्या निशाणाखाली

जकात हा शब्द आपल्या कानांना कधीच गोड वाटला नाही. शहराच्या वेशीवरचा नाका, ट्रकांची लांबच लांब रांग, पेन्सिलीने खरडलेली पावती आणि टेबलाखालून सरकणारी नोट, एवढी चित्रे त्या एका शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभी राहतात. महाराष्ट्रातल्या शहरांची जकात २०१७ साली मुंबईच्या नाक्यांबरोबर संपली. पण त्या शब्दाला चिकटलेला वास काही गेला नाही. जकातदार म्हणजे आपल्या पिशवीत हात घालणारा माणूस, ही समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही समजूत आणखी घट्ट करणारे बरेच काही वाचायला मिळते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर आपला हक्क सांगितला आणि 'कर्ताझ' नावाचा परवाना विकायला सुरुवात केली. परवाना नसलेले गलबत दिसले की ते लुटायचे, असा तो सरळ हिशेब. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली 'दस्तके' घ्यायला लावली, तेव्हा त्याच युरोपियनांनी त्यांना चाचा म्हटले! पण याच इतिहासात एक वेगळे पानही आहे. बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठामुळे स्वराज्यातील मीठ पडून राहील, म्हणून त्या परक्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी आज्ञा शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या अधिकाऱ्याला केली. म्हणजे जकात लुटण्यासाठीही असते आणि राखण्यासाठीही असते. परीक्षेत हे वाक्य लिहून मी गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र मला वर्गाबाहेर, फार दूरच्या एका धक्क्यावर कळला.

माझे मामा अनेक वर्षे व्यापारी जहाजावर होते. निवृत्त होऊन ते न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला स्थायिक झाले आणि साठी उलटल्यावर त्यांनी अडतीस फुटी शिडाची बोट घेतली. तिकडचे थंडीचे महिने टाळण्यासाठी अनेक बोटी उत्तरेला फिजीकडे जातात आणि नोव्हेंबरात वादळांचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास घरी परततात. २०२४ च्या दिवाळीला मामा असेच फिजीत होते. परतीच्या प्रवासाला त्यांना एक गडी कमी पडत होता. त्यांनी भाचीला बोलावले. घरात अर्थातच रामायण झाले. आजीने तर अन्न सोडण्याची धमकी दिली. शेवटी मी तिला गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'चे छायाचित्र दाखवले. २०१७-१८ साली आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी त्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. आजीने ते चित्र चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि म्हणाली, "या सगळ्या जणी घरी सुखरूप आल्या ना? मग जा." प्राचार्यांनी रजा दिली, वकिलातीने व्हिसा दिला आणि मी फिजीला पोचले.

शिडाच्या बोटीने देश ओलांडायचा म्हणजे मनाला येईल तेव्हा दोर सोडून निघायचे, असे मला वाटत होते. तसे काही नसते. बोट अडतीस फुटांची असो की तीनशे फुटांची, नियम तेच. ज्या देशातून निघायचे त्याच्या जकात अधिकाऱ्याकडून 'क्लिअरन्स' नावाचा कागद घ्यावा लागतो. बोटीवर कोण आहे, ती पुढे कोठे जाणार, हे त्यावर लिहिलेले असते. पुढचा देश सर्वांत आधी तोच कागद मागतो. तो नसेल तर 'तुम्ही आलात कोठून?' या साध्या प्रश्नाला तुमच्याजवळ उत्तर नसते. शिक्का बसला की मग तेथे रेंगाळता येत नाही, निघावेच लागते.

लौटोका बंदरातल्या कचेरीत आम्ही तो कागद घेतला. टेबलामागचा अधिकारी फिजीचाच, पण त्याचे पणजोबा-खापरपणजोबा गिरमिटिये. माझे पारपत्र पाहून तो फिजी हिंदीत बोलू लागला आणि कागदाबरोबर दिवाळीची मिठाई पुढे केली. जकातदाराने हातावर लाडू ठेवावा, हे माझ्या सर्व पूर्वग्रहांच्या विरुद्ध होते!

त्या गावात आमचे दिवाळीचे जेवण मामांच्या ओळखीच्या एका घरी झाले. घरात ऐंशीच्या पुढची एक आजी होती. अंगणात उसाच्या मुळीसारखी जाडजूड खोडाची तुळस. ही तुळस आपल्या आजीच्या आजीने जहाजातून आणलेल्या बियांची, असे त्या घरात सांगतात. पहिले गिरमिटी जहाज, 'लिओनिडास', १८७९ च्या मे महिन्यात फिजीला पोचले. वाटेत पटकी आणि देवी यांनी त्याच्यावर माणसे मेली होती, म्हणून उरलेल्यांना लेवुकाजवळच्या यानुचा लायलाय या बेटावर कित्येक आठवडे वेगळे ठेवले गेले. आजीचे घराणे त्याच जहाजाचे की नंतरच्या, ते तिच्या बोलण्यात स्पष्ट नव्हते. पण 'बेटावर ठेवले होते' हे वाक्य तिने असे सांगितले की जणू ती स्वतःच तेथे बसून होती. निघताना तिने सुकलेल्या मंजिऱ्यांची कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. ऑकलंडला मामी तुळशीचे लग्न लावते, हे तिला ठाऊक होते.

बोटीवर आल्यावर मामांनी ती पुडी पाहिली. ते म्हणाले, "अगं, हे तिकडे चालणार नाही."

"पण तुळस आहे, मामा."

"तुला तुळस आहे. त्यांना ते बी आहे."

मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दोन वाटा आहेत. मधल्या समुद्रात विसर्जन कर, नाहीतर कागदावर लिही. तिसरी वाट या बोटीवर नाही. कप्तान म्हणून सही माझी असते."

अकराशे सागरी मैल, नऊ दिवस. पहिले तीन दिवस माझे पोट मजबरोबर नव्हते. त्याचे वर्णन करून संपादकांची जागा अडवत नाही. नंतर पाण्याचा रंग गडद होत गेला, वारा गार झाला, अंगावर स्वेटर चढला. रात्रीच्या पहाऱ्यावर सुकाणूजवळ बसले की पुडीची आठवण होई. बोटीसारखी लपवण्याची सोय दुसरीकडे कोठे नसेल. तळाशी फळ्या, फळ्यांखाली पोकळ्या, डबे, पिशव्या, शिडांच्या घड्या. तेथे चिमूटभर मंजिऱ्या कोणाला सापडणार? आणि विसर्जन तरी का करावे? कदाचित ते परवानगी देतीलही. मी तुळशीला पाण्यात सोडायला तयार नव्हते आणि फळीखाली कोंबायलाही नव्हते. देवाचे रोप चोरून न्यायचे, मग त्याला रोज हात कसे जोडायचे?

विमानाने परदेशी जाणाऱ्याला सीमा दिसते. काचेची दारे, जमिनीवरची पिवळी रेघ, रांगा, 'येथे थांबा' अशा पाट्या. तेथे माणूस स्वतः काही ठरवत नाही; गुरे गोठ्यात हाकावीत तसा तो हाकला जातो. समुद्रावर यातले काहीच नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर देशाची हद्द सुरू होते, पण अलीकडचे पाणी आणि पलीकडचे पाणी सारखेच. कोणी अडवत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला किनारा इतका वाकडातिकडा की कोणत्याही खाडीत शिरून नांगर टाकावा. पण नियम असा की परदेशातून येणाऱ्या बोटीने ठरवून दिलेल्या बंदरांपैकी एकातच प्रथम जायचे; आणि येण्याच्या निदान अठ्ठेचाळीस तास आधी तसे कळवायचे. मामांनी ते फिजी सोडतानाच कळवले होते. बोटीचा तळ घासून स्वच्छ केल्याची पावती आणि पाण्याखालची छायाचित्रेही जवळ ठेवली होती, कारण २०१८ पासून तेथे बोटीच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळाचा आणि कालवांचासुद्धा हिशेब द्यावा लागतो. मामा तर स्वतःच्याच घरी परतत होते. पण घरी परतणाऱ्यालाही यातून सुटका नाही.

हद्दीत शिरताना मामांनी मला एक चौकोनी पिवळे निशाण दिले आणि डोलकाठीच्या उजव्या बाजूच्या दोरीवर चढवायला सांगितले. जहाजांच्या निशाणांच्या भाषेत याचा अर्थ असा: माझ्या नौकेवर रोगराई नाही, मला किनाऱ्याशी संपर्काची परवानगी द्यावी. एके काळी हाच पिवळा रंग उलट अर्थाने, रोग आहे म्हणून दूर राहा असे सांगण्यासाठी वापरीत. रोगाच्या भीतीने जहाजे दूर थांबवण्याची पद्धत जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या रगुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिक शहराने १३७७ साली तीस दिवसांचा नियम केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि इटालियनमधल्या 'चाळीस' या शब्दावरून क्वारंटाइन हे नाव पडले. २०२० साली हा शब्द आपल्या गावोगावच्या शाळांच्या दारांवर खडूने लिहिला गेला, तेव्हा त्याच्या मागे साडेसहाशे वर्षांचा समुद्र आहे हे कोणाच्या ध्यानी आले असेल?

आम्ही ओपुआ बंदरात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. तेथे परदेशी बोटींसाठी एक वेगळा तरंगता धक्का आहे. तो किनाऱ्याला जोडलेलाच नाही. त्याला बोट बांधायची आणि आत बसून राहायचे. कचेरी बंद झाली होती, अधिकारी सकाळी येणार होते. नऊ दिवसांनी दिसलेली जमीन हाकेच्या अंतरावर. दिवे लागलेले, कोणाच्या तरी घरातून भाजल्याचा वास येतो आहे, एक कुत्रा भुंकतो आहे. आणि आम्ही तिघे, मामा, त्यांचे एक शेजारी आणि मी, पिवळ्या निशाणाखाली. पहारेकरी नव्हता. लहान पाटाएवढ्या होडीतून पाच मिनिटांत किनारा गाठता आला असता. कोणी गेले नाही. शेजारच्या दोन बोटींवरूनही कोणी गेले नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवले की या सीमेला कुंपण नाही; येणाऱ्याच्या शब्दावर ती उभी आहे.

सकाळी दोघेजण आले, एक जकात खात्याचा अधिकारी आणि एक जैवसुरक्षेची अधिकारी. बूट काढून आत आले, हे मला आवडले. जकातीच्या माणसाने फिजीचा कागद घेतला, पारपत्रे आणि व्हिसा पाहिले, बोटीची नोंदणी पाहिली. दारू किती, तंबाखू किती, शस्त्र आहे का, औषधे कोणती, दहा हजार डॉलरहून अधिक रोख आहे का, असे एकेक प्रश्न शांतपणे विचारले. मामा उत्तरे देत होते आणि सही करीत होते. अर्ध्या तासात त्याचे काम संपले.

बाईंचे काम मात्र स्वयंपाकघरात होते. त्यांनी डबे उघडले, फळ्या उचलल्या, माझ्या बुटांचे तळ उलटे करून माती पाहिली. उरलेले दोन कांदे, एक पपई, अंडी, मधाची बाटली, लाह्यांसाठी घेतलेले मक्याचे दाणे, सर्व एका जाड पिशवीत गेले. मध गेला तेव्हा मामांचे शेजारी हळहळले. तेथे मधमाश्यांच्या रोगांची फार धास्ती आहे.

मग त्यांनी माझा अर्ज हातात घेतला. 'बियाणे' या शब्दापुढे मी 'होय' लिहिले होते. त्यांनी पुडी मागितली. मी ती देवाच्या तसबिरीपुढून उचलून दिली आणि जमेल तसे सांगितले: हे कोणते रोप, कोणत्या घरचे, त्या घरात किती पिढ्या आहे, कशासाठी आणले. त्या मध्येच थांबवतील असे मला वाटले होते; त्यांनी सगळे ऐकले. मग म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेत, ते बरे केलेत. पण बी कशाचे आहे याची खात्री आणि त्याबरोबर हवे ते कागद नसतील, तर मला ते आत घेता येत नाही. देवाचे असले तरी नाही."

"याचे काय करता?"

"असा माल जाळतात, किंवा वाफ देऊन निर्जीव करून पुरतात."

त्यांनी पुडी वेगळ्या लहान पिशवीत घातली. पपईच्या पिशवीत टाकली नाही. एवढेच त्यांच्या हातात होते आणि तेवढे त्यांनी केले. मी पिशवीकडे बघत राहिले. मामा दुसरीकडे बघत होते.

त्या क्षणी मला राग आलाच नाही असे म्हटले तर ते खरे ठरणार नाही. ओपुआ ज्या उपसागरात आहे, त्याच उपसागरात १७६९ साली कॅप्टन कुकचे जहाज आले होते. त्याला कोणी अर्ज भरायला लावला नव्हता. त्यानंतर आलेल्या युरोपीय जहाजांतून मोठे उंदीर उतरले. १८३७ साली केसाळ कातड्याच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून पोसम आणला, तो जंगले खात सुटला. ससे आणले, ते शेते खाऊ लागले. त्यांना मारायला १८८० च्या दशकात मुंगसासारखे चपळ स्टोट आणले, त्यांनी सशांऐवजी पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली. वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीच नसलेल्या त्या देशात पक्षी जमिनीवर घरटी बांधीत. किती तरी तर उडायचेही विसरले होते. त्यांतले अनेक कायमचे गेले. हे सगळे आणणाऱ्यांच्या पणतवंडांनी आज माझ्या तुळशीला अडवावे? गिरमिटियांना बेटावर कोंडणाऱ्यांचा आणि या नियमाचा वंश एकच नव्हे काय?

हा राग मी मामांपुढे बोलून दाखवला. ते पिवळे निशाण उतरवत होते. पाहुण्याचा प्रवेश मंजूर झाल्याची ती खूण. ते म्हणाले, "खरे आहे. म्हणूनच त्यांना भीती वाटते. एकदा घर जळाले की माणूस काडेपेटी कुठे ठेवायची ते शिकतो." मग त्यांनी उपसागराच्या पलीकडच्या अंगाला बोट दाखवले. तेथे २०२३ साली कॉलर्पा नावाचे परदेशी समुद्री शेवाळ सापडले. २०२१ साली ते प्रथम ग्रेट बॅरियर बेटावर दिसले होते. समुद्राचा तळ ते गालिच्यासारखे झाकून टाकते आणि त्याचा नखाएवढा तुकडा नांगराच्या साखळीला चिकटून गेला तरी दुसरीकडे रुजतो. म्हणून त्या भागात नांगर टाकायलाच बंदी घातली गेली. नखाएवढा तुकडा आणि चिमूटभर मंजिरी. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मामीला मी सगळे सांगितले. तिने शेजारच्या गुजराती घरातून, तिथल्याच मातीत वाढलेले तुळशीचे रोप मागून आणले आणि कार्तिकी द्वादशीनंतर आम्ही त्याचे लग्न लावले. मंगलाष्टके मामांनी म्हटली, बेसूर. पण फिजीच्या आजीला फोन करणे माझ्याकडेच होते. पुडी आत जाऊ दिली नाही हे मी सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तिने विचारले, "जाळली की फेकली?" मी म्हटले, जाळतात, नाहीतर वाफ देऊन पुरतात. "जाळली असेल तर बरं," ती म्हणाली, आणि मामीची तब्येत विचारू लागली.

परत आल्यावर कॉलेजच्या श्रमदानात आमच्या तुकडीला मैदानामागचे गाजर गवत उपटायचे काम मिळाले. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. मूळचे ते अमेरिका खंडातले. १९५५ साली पुण्यात ते प्रथम नजरेत भरले आणि परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते इकडे पसरले असे मानले जाते. आज ते कोठे नाही? रेल्वेच्या कडेला, शेताच्या बांधावर, शाळेच्या भिंतीशी. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधूनही आमच्या मनगटांवर पुरळ उठले. एका मैत्रिणीला धाप लागली म्हणून घरी पाठवावे लागले. गव्हाची ती पोती ज्या बंदरात उतरली, तेथेही कचेरी असेल, टेबल असेल, शिक्का असेल. भुकेल्या देशाला दाणे निवडत बसायला सवड नव्हती, हेही तितकेच खरे. पण पांढऱ्या फुलांचा एकेक झुडूप मुळासकट ओढताना मला राहून राहून त्या बाईंची जाड पिशवी आठवत होती. एका झुडपाला हजारो बिया असतात. आम्ही संध्याकाळपर्यंत मैदानाचा एक कोपरा मोकळा केला. पावसाळ्यात पुन्हा यावे लागेल, असे सर म्हणाले.